युद्धस्मृतीची सोन्याची नाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या कितीतरी गावांत फौजेत गेलेल्या माणसाची पेटी घरात असते. कामठीच्या गार्ड्स केंद्रातून किंवा महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्यांच्या घरी, पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरी केलेल्यांच्या घरी कधी एखादी गिनी निघते, कधी परदेशातल्या नातेवाइकानं दिलेलं स्मारक नाणं, कधी नुसतं सोनेरी दिसणारं पदक. त्याचं काय करायचं, हे तालुक्याच्या सराफाला विचारलं तर तो वजनाचा भाव सांगतो आणि मोबाइलवर शोधलं तर लाखो रुपयांची स्वप्नं दिसतात. खालची उत्तरं या दोहोंच्या मधली आहेत.

युद्धस्मृतीचं सोन्याचं नाणं नेमकं कशाला म्हणायचं?

एखादं युद्ध सुरू झाल्याला किंवा संपल्याला २५, ५०, ७५, १०० वर्षं झाली म्हणून एखाद्या देशाच्या टांकसाळीनं कायद्यानं काढलेलं, दर्शनी (म्हणजे नाण्यावर लिहिलेली) किंमत असलेलं सोन्याचं नाणं. यातल्या तिन्ही अटी महत्त्वाच्या. खासगी कंपनीनं पाडलेली चकती दिसायला कितीही देखणी असली तरी ती नाणं ठरत नाही, तिला पदक किंवा मेडॅलियन म्हणतात. आणि युद्ध चालू असताना पाडलेलं नाणं स्मारक ठरत नाही, ते युद्धकाळातलं चलन.

आमच्या घरी १९१८ ची गिनी आहे. ती युद्धाची स्मारक गिनी म्हणावी का?

नाही, पण ती त्याहून मोलाची गोष्ट असू शकते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली आणि सोनं समुद्रमार्गे लंडनला नेणं जोखमीचं झालं. तेव्हा १९१८ मध्ये मुंबईतच सोन्याची नाणी पाडली गेली. त्यात दोन प्रकार आहेत.

पहिली १५ रुपयांची मोहोर. तिच्या एका बाजूला मुकुटधारी पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या मधोमध १५ रुपये व १९१८ साल. ही सुमारे २१ लाख पाडली गेली. दुसरी मुंबईची गिनी. तिच्यावर नेहमीसारखाच घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन असतो, फक्त सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, अगदी बारीक इंग्रजी 'आय' अक्षर असतं. भिंग घेऊन तिथंच बघा. अशा सुमारे १३ लाख पाडल्या. दोन्ही नाण्यांचं वजन आणि कस सारखाच, कारण तेव्हा एका पौंडाला १५ रुपये असा हिशोब होता.

त्या जागी 'एस', 'एम', 'पी' अशी अक्षरं असतील तर ती सिडनी, मेलबर्न, पर्थची गिनी. तीही खरीच, फक्त मुंबईची नव्हे. नवं साल आणि 'आय' अक्षर असेल तरी दचकू नका. २०१३ पासून एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीनं ब्रिटिश टांकसाळीच्या परवानगीनं भारतात पुन्हा गिन्या पाडल्या आहेत.

भारत सरकारनं युद्धाच्या स्मरणार्थ सोन्याचं नाणं काढलं आहे का?

दुकानात किंवा मोबाइलवर कोणी 'भारत सरकारचं सोन्याचं युद्ध स्मारक नाणं' म्हणून काही विकत असेल तर तिथंच थांबा. आपल्या सरकारची अशी नाणी इतर धातूंची आहेत. १८५७ च्या लढ्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा २००७ मध्ये ५ आणि १०० रुपयांची नाणी निघाली. १९६५ च्या युद्धाच्या पन्नाशीनिमित्त २०१५ मध्ये ५ रुपयांचं निघालं. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवल्याच्या पंचाहत्तरीला २०१८ मध्ये ७५ रुपयांचं आलं. १०० आणि ७५ रुपयांची नाणी ३५ ग्रॅमची असून त्यांत निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९६५ च्या युद्धाचं ५ रुपयांचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं, ६ ग्रॅमचं. त्यावर सुवर्ण महोत्सव लिहिलंय म्हणून आठवडी बाजारात ते सोन्याचं सांगून खपवणारे भेटतात.

अशोकचक्र असलेलं 'इंडियन गोल्ड कॉइन' २०१५ मध्ये आलं, तेही कुठल्या युद्धाचं नव्हे. ते गुंतवणुकीचं २४ कॅरेटचं सोनं आहे आणि त्यावर दर्शनी किंमत नाही.

कारगिल, १९७१ वगैरेंची 'चोवीस कॅरेट गोल्ड प्लेटेड' नाणी ऑनलाइन मिळतात. घ्यावीत का?

भिंतीवर लावायला घ्या, सोनं म्हणून घेऊ नका. हिशोब करून बघा. ३८ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड चकतीचा सगळा पृष्ठभाग साधारण २६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुलामा असेल तर सोनं होतं ५ मिलिग्रॅम. सराफ ते वेगळंही काढणार नाही, काढायचा खर्चच जास्त.

वेष्टनावरचे शब्द नीट वाचा. प्लेटेड, लेयर्ड, क्लॅड, गोल्ड फिनिश, ट्रिब्यूट, रेप्लिका, यांतला एकही शब्द असेल तर आत पितळ किंवा तांबं आहे. खऱ्या सोन्याच्या नाण्याच्या कागदावर वजन ग्रॅममध्ये आणि शुद्धता ९१६, ९०० किंवा ९९९.९ अशी आकड्यांत असते. सोबतचं 'अस्सलतेचं प्रमाणपत्र' पुष्कळदा एवढंच सांगतं की ही चकती त्याच कंपनीनं बनवली आहे.

पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं सोनेरी पदक आहे. त्यात सोनं किती?

शून्य. पंख असलेली देवी एका बाजूला आणि मागं १९१४-१९१९ असेल तर ते विजय पदक. ते काशाचं, ३६ मिलिमीटरचं. त्याच्या जोडीचं १९१४-१९१८ लिहिलेलं पदक बहुतेक चांदीचं. दुसऱ्या महायुद्धातले सहा टोकांचे तारे, म्हणजे १९३९-४५ चा तारा, बर्मा तारा वगैरे, तांबं-जस्ताच्या पिवळ्या मिश्रधातूचे.

पण ही पदकं मोडीत देऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घराण्याच्या दृष्टीनं आणि संग्राहकाच्या दृष्टीनंही सगळी किंमत त्या कोरीव ओळीत आहे. ती घासून उजळवली की ती किंमत गेली.

परदेशी खरी सोन्याची युद्धस्मारक नाणी कोणती, आणि त्यांची मापं काय?

आपल्याकडे नातेवाइकांमार्फत येतात ती मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेची.

ब्रिटनचं १९९५ चं २ पौंडी नाणं दुसरं महायुद्ध संपल्याच्या पन्नाशीचं. त्यावर चोचीत फांदी धरलेलं कबूतर आहे. सोन्याच्या आवृत्तीचं वजन १५.९८ ग्रॅम, रुंदी २८.४ मिलिमीटर, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं १४.६४ ग्रॅम. खरी फसगत होते ती इथंच. हेच नाणं निकेल-पितळेतही निघालं, तेही पिवळं, तेवढ्याच रुंदीचं आणि तेवढ्याच वजनाचं! फरक आहे तो जाडीत. पितळ हलकं, म्हणून पितळी नाणं तेवढ्याच वजनाला जवळजवळ दुप्पट जाड असतं. काटा आणि फूटपट्टी दोन्ही इथं 'बरोबर' म्हणतील, म्हणून पुढची पाण्याची कसोटी शिकून घ्या. साठाव्या वर्षाचं २००५ चं २ पौंडी नाणंही सोन्यात आणि साध्या धातूत, असं दोन्हींत निघालं.

अमेरिकेचं दुसऱ्या महायुद्धाच्या पन्नाशीचं ५ डॉलरचं नाणं १९९३ मध्ये विकलं गेलं, पण त्यावर १९९१-१९९५ असं दुहेरी साल आहे. वजन ८.३५९ ग्रॅम, रुंदी २१.६ मिलिमीटर, कस ९००, शुद्ध सोनं ७.५२ ग्रॅम. यादवी युद्धाच्या रणांगणांच्या नावानं १९९५ मध्ये निघालेलं ५ डॉलरचं नाणंही याच मापाचं.

दुसरं महायुद्ध संपल्याच्या पंचाहत्तरीला, २०२० मध्ये, अमेरिकेनं आपल्या एक औंसाच्या सोन्याच्या ईगल नाण्यावर 'व्ही७५' ही बारीक खूण पाडली. ही नाणी फक्त १,९४५ निघाली, सालाशी जुळवून. ईगलचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम, रुंदी ३२.७ मिलिमीटर, २२ कॅरेट. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम हे त्यातलं शुद्ध सोनं, एकूण वजन नव्हे. खूण नसलेलं २०२० चं ईगल साधं आहे आणि दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळे खोटी खूण कोरणारेही आहेतच.

साध्या गिनीचं माप तोंडपाठ ठेवा. वजन ७.९९ ग्रॅम, रुंदी २२.०५ मिलिमीटर, जाडी १.५२ मिलिमीटर, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. जुन्या हिशोबात एकूण वजन सव्वाआठ माशांच्या आसपास.

घरच्या घरी खरं-खोटं कसं तपासायचं?

चुंबक लावून बघणं ठीक, पण पितळ, तांबं, शिसं काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे 'चिकटलं नाही' यावरून काहीच सिद्ध होत नाही. दातानं चावणं तर सोडूनच द्या. भरवशाची कसोटी घनतेची. तिला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो.

आधी कोरडं नाणं तोला आणि आकडा लिहा. मग हलक्या प्लास्टिकच्या पेल्यात निम्मं पाणी घ्या. पाण्यात भांडी धुण्याच्या द्रावणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. त्यानंतरच पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधा, दुसरं टोक आडव्या पेन्सिलीला बांधा, आणि पेन्सिल दोन डब्यांवर अशी टेकवा की नाणं पूर्ण बुडेल पण तळाला वा बाजूला लागणार नाही. आता काट्यावर जो आकडा येतो त्यानं कोरड्या वजनाला भागा. ती घनता.

गिनीसाठी पाण्यातला आकडा ०.४५ च्या आसपास यायला हवा, भागाकार साडेसतरा ते अठराच्या मधला. त्याच वजनाच्या पितळी नकलेचा आकडा ०.९० च्या वर जातो. ५ डॉलरच्या नाण्याला ०.४८-०.४९, सोन्याच्या २ पौंडीला ०.९१ च्या आसपास, निकेल-पितळी २ पौंडीला १.९ च्या जवळ. एक औंसाच्या ईगललाही आकडा १.९ च्या आसपास येतो, पण त्याचं कोरडं वजन दुपटीहून जास्त असतं. म्हणून नुसता पाण्यातला आकडा बघू नका, भागाकार करा.

चुकतं कुठं? नाणं तळाला टेकलं की काटा पूर्ण वजन दाखवतो. दोरा हातात धरला तर आकडा नाचतो. पंखा चालू असेल तरी तेच. गिनीसारख्या लहान नाण्यात ०.०१ चा फरकही भागाकार बराच हलवतो, म्हणून तीनदा करा आणि मधला आकडा धरा. एक मर्यादा आहे. टंगस्टन या धातूची घनता शुद्ध सोन्याइतकीच, १९.३ च्या जवळ. त्यामुळे २४ कॅरेटच्या नाण्यात टंगस्टन भरलेलं असेल तर ही कसोटी फसते. २२ कॅरेटच्या नाण्यात मात्र भागाकार १९ च्या पुढं गेला तर तोच इशारा समजा.

आणि घनता बरोबर आली म्हणजे नाणं टांकसाळीचं, असंही नाही. खऱ्या २२ कॅरेट सोन्यात पाडलेल्या नकली गिन्या जगभर फिरतात. गिनीछाप चकत्या तर माळेसाठी आपले सोनारही पाडत आले. सोनं खरं आणि नाणं खोटं, असा प्रकार. सोन्याच्या भावात विकायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. जास्तीचा भाव मागायचा असेल तर सगळं तिथंच अडतं.

सराफाकडच्या कॅरेट मीटरवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं हे लक्षात ठेवून. जाड मुलाम्याचं नाणं त्याला फसवू शकतं. म्हणून मीटर, वजन आणि पाण्याची कसोटी, तिन्ही एकत्र जुळली पाहिजेत. मीटरवर गिनीला ९१.६ च्या जवळपास दाखवायला हवं.

कसोटीच्या दगडावर घासू द्यावं?

नाही. कडेची एक रेघ गेली तरी संग्राहक भाव पाडतो.

आमच्या गिनीला कडी लावलेली आहे. किंमत कमी होते का?

सोन्याची नाही, नाण्याची होते. पोत किंवा गिनीमाळ करताना कडीचा डाग (सांधा) दिलेला असतो आणि डागाचं सोनं कमी कसाचं असतं. गिनीचं वजन ८ ग्रॅमच्या वर भरलं तर समजा डाग किंवा कडी शिल्लक आहे. ७.९४ च्या खाली असेल तर झीज किंवा घासणी, कारण गिनीचं चलनातलं किमान वजनच ७.९३८ ग्रॅम ठरवलेलं होतं. कडी आता काढू नका. ती काढल्याचा डागाचा ठसा राहतोच, आणि काढताना दिलेल्या आचेनं कडेचा रंग जातो तो वेगळाच.

आज भाव किती मिळेल हे कसं काढायचं?

वजन गुणिले कस गुणिले त्या दिवसाचा २४ कॅरेटचा प्रति ग्रॅम भाव. हिशोब सोपा जावा म्हणून भाव १०,००० रुपये धरू. गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे ७३,२०० रुपये. ५ डॉलरच्या नाण्याचे ७५,२००. हा झाला वरचा आकडा. त्यातून सराफ घट आणि आपला नफा कापतो. किती टक्के कापणार ते आधी विचारा आणि दोन दुकानं फिरा. फक्त गावच्या सोनाराच्या भरवशावर राहू नका, तालुक्याला आणि जमलं तर अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या इतवारीला विचारा.

दर्शनी किंमत, म्हणजे २ पौंड किंवा ५ डॉलर, विसरून जा. ती नाममात्र असते.

टांकसाळीनं तर हे नाणं सोन्याच्या भावाच्या दीडपटीनं विकलं होतं. ते पैसे कुठं गेले?

घडणावळ, पेटी, नफा आणि हौस यांत. मोडायला नेलं की फक्त सोनं उरतं. स्मारक नाणी घेणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही. 'मर्यादित आवृत्ती' हा शब्दही एकटा पुरेसा नाही. हजारो प्रती निघाल्या आणि मागणारे शेकडो असतील तर मर्यादा कुणाच्या कामाची? ज्या थोड्या नाण्यांना सोन्यापेक्षा जास्त भाव टिकतो, त्यांची संख्या खरोखर कमी असते आणि मूळ पेटी, कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक डबी), क्रमांकाचा कागद असं सगळं शाबूत असतं. पेटी फेकली की त्यातला बराचसा जास्तीचा भाव गेला.

विकायला नेताना काय सांभाळायचं?

नाण्याचा दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवा. घरच्या काट्यावरचं वजन लिहून न्या. नाणं नजरेआड होऊ देऊ नका आणि भाव लेखी ठरेपर्यंत वितळवू देऊ नका. वितळलं की ते नाणं होतं हे सिद्ध करायला काही उरत नाही. मोडीची पावती घ्या, त्यात वजन, कस, भाव आणि घट वेगवेगळी लिहिलेली हवी. स्वतःचं जुनं सोनं विकणाऱ्या घरगुती माणसाला त्यावर जीएसटी लागत नाही, त्या नावानं कुणी कापत असेल तर कापू देऊ नका.

पैसे खात्यात घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे तुमच्यावर.

नाण्यावर हॉलमार्क का नाही?

एचयूआयडीचा, म्हणजे हॉलमार्कच्या ओळखीचा, सहा अक्षरी क्रमांक आपल्याकडच्या दागिन्यांवर असतो. परदेशी नाण्यावर तो शोधू नका. सापडलाच तर उलट शंका घ्या.

लक्ष्मीपूजनाला नाण्याला दूध-पाण्यानं धुतो, हळदकुंकू लावतो. बिघडतं का?

दूध सुकलं की कोरीव भागात बसतं, कुंकवाचे कण पुसताना बारीक ओरखडे उठतात. आरशासारख्या चकाकीच्या प्रूफ नाण्यावर तर बोटाचा ठसाही कायमचा उमटू शकतो. नाणं कॅप्सूलमध्येच ठेवून पूजा करा, हळदकुंकू कॅप्सूलला लावा. देवाला चालतं.

आधीच लागलं असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून नाणं दहा मिनिटं ठेवा, न घासता स्वच्छ पाण्यातून काढा, शेवटी औषधाच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यातून, आणि मऊ सुती फडक्यावर टिपा. तेलकटपणा उरला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, चुलीपासून लांब, उघड्या हवेत, काचेच्या वाटीत. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात सुगंध आणि तेल असतं. ॲसिटोन कॅप्सूलला लागला तर ती वितळते.

चिंच, रिठा, राख, टूथपेस्ट, सोनाराचं उजळवण्याचं आम्ल यांतलं काहीही नको. गिनीवर तांबूस ठिपके दिसतात ते बहुधा मिश्रणातल्या तांब्याचे. ते डाग तसेच राहू द्यावेत.

गावात नाणं ठेवायचं कुठं?

सगळ्यात वाईट जागा म्हणजे धान्याची कोठी. चोर तिथं बघत नाही, हे खरं. पण ज्वारी-गव्हाला कीड लागू नये म्हणून टाकलेल्या सल्फासच्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो तांबं, चांदी आणि सोन्याच्या मिश्रधातूंना काळं पाडतो. २२ कॅरेटमध्ये तांबं आहेच. वर त्या कोठीत हात घालणं जिवावर बेतू शकतं.

दुसरी चूक मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटांची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर गेला की त्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाण्याला चिकटतो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात तर हे लवकरच होतं. कडक ॲक्रिलिकची कॅप्सूल किंवा पीईटी प्लास्टिकचं पाकीट घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी ती बदला. नाणं नेहमी कडेला धरूनच उचला, खाली मऊ कापड अंथरून.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर वारसाची नोंद करून घ्या. बँकेच्या चुकीमुळे, आगीमुळे किंवा चोरीमुळे माल गेला तर भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या १०० पट असते. लॉकरचं भाडं आणि नाण्यांची किंमत यांचा मेळ स्वतः घालून बघा.

पेरणीच्या तोंडावर नाण्यावर कर्ज मिळेल का?

दागिन्यावर जितकं सहज मिळतं तितकं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका कर्जदाराकडून तारण नाणी एकूण ५० ग्रॅमपर्यंतच घेता येतात, आणि परदेशी नाणं बघून अनेक शाखा हात वर करतात. बँकेत जाण्याआधी फोन करा. परवाना नसलेल्या सावकाराकडे तर मुळीच नको. गहाण ठेवताना फोटो, वजन आणि साल पावतीवर लिहून घ्या, नाहीतर सुटका करताना दुसरंच नाणं हातात येईल आणि वजन मात्र तेवढंच भरेल.

शेतकऱ्याला यावर कर लागतो का?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, नाणं विकून झालेला नफा शेतीचा नव्हे. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ घरात असलेलं नाणं विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली कर आहे. वारशानं आलेल्या नाण्याला आधीच्या मालकाचा काळ धरला जातो, आणि ते १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. नफ्याच्या हिशोबात यानं खूप फरक पडतो. मोडीची पावती इथं पुन्हा लागते.

दुबई किंवा लंडनहून नाणं आणता येईल? आणि आपली गिनी तिकडच्या मुलाला पाठवता येईल?

आणताना लक्षात ठेवा की परतणाऱ्या प्रवाशाला सोन्याची जी करमाफी असते ती दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. नाणं घोषित करून शुल्क भरावं लागतं. पोस्टानं परस्पर मागवलेलं पाकीट कस्टममध्ये अडकू शकतं. त्यापेक्षा भारतातल्या नोंदणीकृत नाणे-व्यापाऱ्याकडून जीएसटीच्या बिलासह घ्या.

पाठवणं मात्र सरळ नाही. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९१८ ची गिनी खिशात घालून विमानात बसायचं नाही.

वावरात नांगरताना किंवा जुनी गढी पाडताना नाणी सापडली तर?

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख, एवढं लिहायचं. पोहोच घ्यायला विसरू नका. कुणी हक्क सिद्ध केला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर मोबदला द्यावा लागतो. लपवलं तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. धुऱ्यावर सापडलं तर शेजाऱ्याशी भांडण्याआधी अर्ज द्या.

'खोदकामात गिन्यांचा हंडा सापडलाय, निम्म्या भावात देतो' असा फोन आला. खरं असू शकतं?

नाही. डाव नेहमीचा आहे. मजूर वाटणारा माणूस एक-दोन गिन्या देतो आणि 'तपासून घ्या' म्हणतो. त्या खऱ्या असतात. सराफ हो म्हणतो आणि तुमचा विश्वास बसतो. मग महामार्गालगत, शक्यतो अंधार पडता पडता, रोख पैसे घेऊन बोलावतात आणि पिशवीभर पितळ हातात येतं. काही वेळा पितळही येत नाही, नुसती मारहाण होते.

वर सांगितलेला कायदा आठवा. तो हंडा खराच असता तरी विकणं गुन्हा, आणि विकत घेणाराही अडकतो. फसलेले लोक म्हणूनच तक्रार द्यायला घाबरतात आणि टोळीला तेच हवं असतं. तक्रार द्या. नंबर ११२.

जुन्या नाण्यांना रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते म्हणे?

देत नाही. बँकेच्या नावानं कमिशन किंवा कर मागणाऱ्या जाहिराती खोट्या आहेत, असा इशारा बँकेनं २०२१ मध्येच दिला आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा, तासाभरात कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

तीन भाऊ, एक नाणं. वाटणी कशी करायची?

कापायचं नाही आणि घाईनं मोडायचंही नाही. वाटणीच्या दिवशीचा सराफाचा लेखी भाव घ्या, शुद्ध सोन्याच्या वजनावर किंमत काढा आणि ज्याला नाणं ठेवायचं आहे त्यानं बाकीच्या दोघांना त्यांचे हिस्से खात्यात द्यावेत. बहिणी असतील तर त्यांचाही हिस्सा समान आहे, भाग तीन न करता तेवढे करा. वाटणीपत्रात 'एक सोन्याचं नाणं' एवढंच लिहू नका. देश, साल, दर्शनी किंमत, ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन, रुंदी, कडीचा डाग आहे की नाही, पेटी आणि कागद कुणाकडे गेले, हे सगळं लिहा. मुंबईची १९१८ ची गिनी असेल तर 'आय' अक्षराचा जवळून काढलेला फोटो सोबत जोडा, म्हणजे पुढं कधी ती साध्या गिनीनं बदलली गेली तर लगेच लक्षात येईल.